बाइक कॅम्पिंगचं सामान: आधी वजनकाटा, मग खरेदी



एरवी मी इथे फोन, ॲप्स आणि बॅटरीबद्दल लिहितो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण आकडेमोड तीच आहे. शनिवारी सकाळी बाइकवर निघायचं, एक रात्र तंबूत काढायची आणि रविवारी संध्याकाळी घरी परतायचं. एवढ्याशा ट्रिपसाठी काय न्यायचं, किती न्यायचं आणि गाडीवर कुठे बांधायचं?

यूट्यूबवर यावर भरपूर व्हिडिओ आहेत. पण त्यातल्या बहुतेकांत मोठी ॲडव्हेंचर बाइक असते, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या असतात आणि सामानाची किंमत माझ्या गाडीपेक्षा जास्त असते. आपल्यापैकी बहुतेकांकडे १०० ते १६० सीसीची रोज ऑफिसला नेतो तीच बाइक असते. हा लेख त्या गाडीसाठी आहे. माझी स्वतःची दीडशे सीसीची आहे, कॉलेज संपताना घेतलेली.

पहिल्या ट्रिपला काय झालं

तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. मी आणि माझा कॉलेजमधला मित्र पुण्याहून भंडारदऱ्याला निघालो. नारायणगाव, ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर असा रस्ता. एक बाइक, दोघं जण आणि 'लागलं तर असू दे' म्हणून घेतलेलं सगळं सामान. दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या सॅडल बॅग, मागे कॅरिअरवर तंबू आणि गोधड्या, त्यावर दोन फोल्डिंग खुर्च्या. पाच लिटरचा पाण्याचा कॅनही होता. धरणाच्या काठी राहायला जाताना आम्ही पुण्याहून पाणी नेत होतो, हे आता लिहितानाही लाज वाटते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. गाडी घेतल्यावर दोन महिन्यांत मी साडी गार्ड काढून टाकला होता. दिसायला बरं वाटत नाही म्हणून. तुमच्यातल्याही बऱ्याच जणांनी काढला असेल.

कोतूळच्या पुढे एका वस्तीजवळ न रंगवलेला गतिरोधक होता. वेग जास्त नव्हता, तिशीच्या आसपास. गाडी त्यावरून उतरली तसा मागचा शॉकअप पूर्ण दबला, डावीकडची बॅग आत सरकली आणि तिचा खालचा मोकळा पट्टा मागच्या चाकात ओढला गेला. चाक जाम. गाडी आडवी घसरत गेली. मला गुडघ्याला खरचटलं. मित्र डाव्या हातावर पडला आणि त्याचं मनगट मोडलं. शेतातून धावत आलेल्या एका काकांनी त्यांच्या पिकअपमधून आम्हाला दवाखान्यात नेलं. तंबू त्या दिवशी उघडलाच नाही. मित्र पुढचे सहा आठवडे एका हाताने कोड लिहीत होता.

सुरुवातीला मी दोष गतिरोधकाला दिला, मग बॅगेला. पुढच्या रविवारी घरचा वजनकाटा काढला आणि एक एक वस्तू त्यावर ठेवली. तेव्हा खरं काय ते कळलं.

तुमची गाडी किती वजन उचलते?

बाइकच्या मॅन्युअलमध्ये शेवटच्या पानांवर तांत्रिक माहितीचा तक्ता असतो. त्यात 'मॅक्स पेलोड' असा आकडा शोधा. तो नसेल तर 'ग्रॉस वेहिकल वेट' म्हणजे भरलेल्या गाडीचं कमाल वजन पाहा आणि त्यातून 'कर्ब वेट' वजा करा. माझ्या गाडीचं कर्ब वेट १४८ किलो आहे आणि पेलोड १३० किलो. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर पीडीएफ मिळतं.

या पेलोडमध्ये सगळं येतं. तुम्ही, मागे बसलेला माणूस, दोघांची हेल्मेट, बूट, जॅकेट, खिशातले फोन, बॅगा आणि बॅगांमधलं सामान.

आता आमचा हिशेब बघा. हेल्मेट-बूट धरून मी ७४ किलो, मित्र ६६. झाले १४०. म्हणजे एकही बॅग न बांधता आम्ही मर्यादेच्या १० किलो वर होतो. सामान निघालं ३४.४ किलो: तंबू ३.१, दोन गोधड्या ४.६, खुर्च्या ५.२, तवा-कढई-स्टोव्ह ४.३, पाणी ५.२, कपडे ४.४, खाणं ३.१, स्पीकर, लॅपटॉप वगैरे २.३ आणि बॅगा-दोऱ्या २.२. एकूण १७४.४ किलो. मर्यादेच्या ४४ किलो वर. म्हणजे गाडीवर जणू तिसरा माणूस बसला होता.

शॉकअप तळाला का टेकला, याचं उत्तर इथेच होतं. पट्टा मोकळा होता ही चूक, साडी गार्ड नव्हता ही चूक, पण त्या दोन्ही चुका चाकापर्यंत पोहोचल्या त्या वजनामुळे.

म्हणून अगदी स्पष्ट सांगतो. साधारण बांध्याचे दोघं जण १३० किलो पेलोडच्या गाडीवर बसले की कॅम्पिंगच्या सामानाला जागा उरत नाही. मग ते सामान कितीही महाग आणि हलकं असो. दोघांचं मिळून ११० किलो भरत असेल तर २० किलो हातात राहतात, तेवढ्यात नीट जमतं. नाहीतर दोन गाड्या न्या. दोन गाड्यांना पेट्रोल जास्त लागतं हे खरं आहे. प्लास्टरलाही पैसे लागतात.

काटा आणि स्प्रेडशीट

हलकं सामान म्हणजे महाग सामान, असा एक समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. माझं सगळ्यात जास्त वजन कमी झालं ते वस्तू न नेल्यामुळे, आणि न नेलेल्या वस्तूला पैसे पडत नाहीत.

त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, जो पाच-दहा किलोपर्यंत ग्रॅममध्ये मोजतो. आणि फोनवर गूगल शीट्स. चार रकाने करा: वस्तू, ग्रॅम, कुठल्या बॅगेत, आणि 'वापरलं का'. शेवटचा रकाना ट्रिपहून आल्यावर भरायचा. वापरलं तर १, नाही तर ०. रविवारी रात्री कंटाळा येतो, पण तेव्हाच भरा. बुधवारपर्यंत आपण सगळंच वापरलं होतं असं वाटायला लागतं.

सलग दोन ट्रिपांत ० आलेली वस्तू तिसऱ्या वेळी घरी राहते. माझ्याकडे याला तीनच अपवाद आहेत: प्रथमोपचाराची पिशवी, पंक्चर किट आणि जादाची क्लच केबल.

पॅकेटवर छापलेल्या वजनावर विश्वास ठेवू नका. तंबूचं वजन बऱ्याचदा खुंट्या, दोऱ्या आणि पिशवी सोडून दिलेलं असतं. माझ्या पहिल्या तंबूत हा फरक जवळजवळ अर्ध्या किलोचा निघाला.

आज माझ्या एकट्याच्या एका रात्रीच्या सामानाची शीट अशी आहे. तंबू १.९ किलो. झोपायची फोम मॅट ०.३५. स्लीपिंग बॅग १.२. स्टोव्ह, गॅसचा डबा, झाकणाचं छोटं पातेलं, कप, चमचा, लायटर मिळून ०.९३. कपडे १.४. रेनकोट ०.४. पॉवर बँक, हेडटॉर्च, केबल ०.३४. हत्यारं, पंक्चर किट, छोटा पंप १.३. प्रथमोपचार ०.३, ब्रश-साबण-टॉवेल ०.३, आणि बॅगा-पट्टे १.४. बेरीज ९.८ किलो. एक लिटर पाणी आणि खाणं धरून पावणेबारा किलोच्या आत. मी ७४, सामान १२, म्हणजे ८६. गाडीकडे अजून ४४ किलो शिल्लक राहतात. गंमत म्हणजे पहिल्या ट्रिपला मी जेवढ्याने वर होतो तेवढेच.

वजन कुठे ठेवायचं

दहा किलो सामानसुद्धा चुकीच्या जागी बांधलं तर त्रास देतं. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक त्या एकत्र करतात.

पहिली, किती मागे. मागच्या चाकाचा ॲक्सल हा सी-सॉचा मधला टेकू समजा. त्याच्या मागे ठेवलेलं वजन मागचं चाक दाबतंच, शिवाय पुढचं चाक उचलायचा प्रयत्न करतं. समजा १५ किलोची बॅग ॲक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे आहे आणि दोन चाकांमधलं अंतर १.३२ मीटर आहे. १५ गुणिले ०.३ भागिले १.३२, म्हणजे पुढच्या चाकावरचा सुमारे ३.४ किलो भार कमी झाला. आकडा छोटा वाटतो, पण घाटात चढावर आणि खडीवर स्टिअरिंग हलकं, तरंगल्यासारखं लागतं. पुढच्या ब्रेकची पकडही त्याच चाकावर अवलंबून आहे.

दुसरी, किती उंच. कॅरिअरवर रचलेला मनोरा वळणावर आणि गाडी उभी करताना जाणवतो. खुर्च्या सगळ्यात वर बांधल्या होत्या तेव्हा आमची गाडी साइड स्टँडवरसुद्धा धड उभी राहत नव्हती.

म्हणून जड वस्तू खाली आणि पुढे. हत्यारं, पाणी, गॅसचा डबा टाकीवरच्या बॅगेत किंवा मागच्या सीटवर तुमच्या पाठीला लागून. स्लीपिंग बॅग, कपडे अशा फुगीर पण हलक्या वस्तू मागे. मी एकटा असतो तेव्हा कॅरिअर वापरतच नाही. मागे बसणाऱ्याच्या जागी एकच आडवी टेल बॅग, तिच्यावर तंबू. सगळं ॲक्सलच्या पुढे किंवा बरोबर वर येतं.

पाठीवर सॅक घेऊ नका. चार किलो काहीच नाहीत असं वाटतं, पण पाच तासांनी खांदे सांगतात. आणि पडलात तर सॅकमधली कडक वस्तू मणक्याखाली येते.

सॅडल बॅग वापरायच्याच असतील तर आधी सॅडल स्टे लावून घ्या. बॅग चाकापासून लांब ठेवणारी ती लोखंडी चौकट असते. उजवीकडे सायलेन्सर आहे, तिथे बॅगेचा तळ गरम पाइपपासून चार बोटं तरी वर हवा. आणि साडी गार्ड काढलेला असेल तर परत बसवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण मागतो. तो मागे बसणाऱ्याच्या कपड्यांसाठी लिहिलाय, पण बॅगेचा पट्टाही कापडच आहे.

बांधायला हुकवाली इलॅस्टिक दोरी एकटी वापरू नका. खड्ड्यात बॅग उडाली की ती ताणली जाते आणि हुक निसटतो. तोच हुक बांधताना डोळ्यावर बसू शकतो. न ताणले जाणारे, बकलचे पट्टे घ्या. इलॅस्टिक फक्त वरून रेनकोट अडकवायला. बांधून झालं की प्रत्येक पट्ट्याचं उरलेलं टोक गुंडाळून त्यालाच टेप मारा. ही टेप मी कधीही विसरत नाही. मग गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवा. सामान गाडीपासून वेगळं हलत असेल तर पुन्हा बांधा. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरवर चहाला थांबा आणि पट्टे परत तपासा, कारण कपडे बसतात आणि पट्टे ढिले होतात.

टायरमधली हवा भरलेल्या गाडीसाठी वेगळी असते. माझ्या गाडीला मागे एकट्यासाठी २८ पीएसआय आणि दोघांसाठी ३२ सांगितली आहे. सामान असेल तर मी दुसरा आकडा धरतो. मागच्या शॉकअपला प्रीलोडच्या खाचा असतात, त्या एक-दोन खाचा घट्ट करायला गाडीच्या टूलकिटमध्येच पाना मिळतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते करायचं असतं हे गाडी घेताना मला कुणी सांगितलं नव्हतं.

तंबू आणि झोप

तंबू घेताना सगळे 'किती माणसांचा' ते बघतात. बाइकवाल्याने आधी घडी केल्यावरची लांबी बघावी. झटक्यात उघडणारे गोल तंबू छान दिसतात, पण घडी केल्यावर त्यांची मोठी थाळी होते आणि ती बाइकवर कुठेच नीट बसत नाही. काठ्यांचा तंबू घ्या, आणि काठ्या वेगळ्या काढून पॅक करा. कापड कुठेही दाबून भरता येतं, लांबी असते ती काठ्यांची.

पावसासाठी कापडावर मिलिमीटरमध्ये एक आकडा असतो, जसं २००० मिमी. कापड गळायला लागण्याआधी त्यावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा राहू शकतो, तो हा आकडा. तळाचा आकडा वरच्या कापडापेक्षा जास्त हवा, कारण तिथे तुमचं वजन ओल्या जमिनीवर दाब देतं. सकाळी तंबू आतून ओला दिसला तर लगेच गळका ठरवू नका. तो बहुतेक वेळा तुमचाच श्वास असतो, थंड कापडावर जमलेला. वरची खिडकी थोडी उघडी ठेवायची.

सह्याद्रीत खुंट्यांचा एक खास प्रश्न आहे. अर्ध्या जागी माती बोटभर आणि खाली कातळ. तंबूबरोबर आलेल्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या तिथे वाकतात. मी सहा खुंट्या नेतो आणि दहा मीटर बारीक नायलॉनची दोरी. दगडाला दोरी गुंडाळली की झाली खुंटी, आणि दगड घरून न्यावे लागत नाहीत.

गोधडीबद्दल मी भावूक आहे. आजीने शिवलेली आहे. पण तिचं वजन २.३ किलो आहे आणि ती दबून लहान होत नाही. डिसेंबर-जानेवारीत घाटमाथ्यावर पहाटे तापमान दहा अंशांच्या आसपास उतरतं, तेव्हा स्लीपिंग बॅग लागतेच. तिच्यावर दोन-तीन तापमानं लिहिलेली असतात. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे 'कम्फर्ट' म्हणजे आरामात झोप लागेल ते तापमान, 'लिमिट' म्हणजे अंग आखडून कसंबसं निभेल ते, आणि 'एक्स्ट्रीम' म्हणजे जीव वाचण्यापुरतं. दुकानदार दाखवतो तो मोठा आकडा कुठला आहे ते विचारा. आपल्याकडच्या हिवाळ्याला कम्फर्ट १० अंशांची बॅग पुरते. मार्चनंतर मी फक्त एक चादर नेतो.

मॅट मात्र बाराही महिने. अंगाखाली बॅगेतली रुई दबते, हवा निघून जाते आणि जमीन उष्णता ओढत राहते. फुगवायची मॅट छान असते, पण करवंदीच्या एका काट्यात तिचं काम संपतं. फोमची मॅट फाटली तरी मॅटच राहते. उशी नेऊ नका. जॅकेटची घडी पुरते.

चहा आणि मॅगीचं भौतिकशास्त्र

एका रात्रीत किती गॅस लागतो? एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. एका ग्रॅम ब्यूटेनमधून साधारण ४५ किलोज्यूल मिळते. त्यातली अर्धी वाऱ्यावर गेली असं धरलं तरी १५ ग्रॅममध्ये काम होतं. दोन चहा, एक मॅगी, सकाळचे पोहे किंवा ओट्स: एकट्याला दोन लिटर पाणी उकळायचं म्हटलं तर ३० ग्रॅम. २३० ग्रॅमचा स्क्रूवाला डबा म्हणजे अशा सहा-सात ट्रिपा. म्हणून 'असू दे जास्तीचा' म्हणत दुसरा डबा नेऊ नका. डब्यात किती उरलंय ते हलवून कळत नाही. नवा असताना काट्यावर वजन करून त्याच्यावर मार्करने लिहा, नंतर वजाबाकी करा.

स्टोव्ह तंबूच्या आत पेटवायचा नाही. बाहेर कितीही वारा असला तरी. आगीचा धोका दिसतो, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रंगही नसतो.

खरं सांगायचं तर दर वेळी स्टोव्ह लागतोच असं नाही. भंडारदऱ्याला शेंडीत किंवा रतनवाडीत आधी सांगून ठेवलं तर घरगुती पिठलं-भाकरी मिळते. त्या ट्रिपला माझं ०.९३ किलो शून्य होतं, आणि जेवण माझ्या मॅगीपेक्षा कितीतरी चांगलं असतं. पाण्याचंही तसंच. वाटेत शेवटच्या गावात भरा, पुण्यातून नाही.

फोन, पॉवर बँक, नकाशा

हा आपला घरचा विषय. १०,००० एमएएचची पॉवर बँक ५,००० एमएएचचा फोन दोनदा चार्ज करेल असं वाटतं. करत नाही. पॉवर बँकेतले सेल ३.७ व्होल्टचे असतात, म्हणजे ऊर्जा ३७ वॉट-तास. ती ५ व्होल्टवर चढवताना आणि फोनमध्ये भरताना उष्णतेत काही वाया जाते. हातात येतात साधारण २५ वॉट-तास. फोनची बॅटरी १९ च्या आसपास. म्हणजे एकदा पूर्ण आणि वर थोडंसं. पॉवर बँकेच्या मागे बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' लिहिलेली असते, तीच खरी. एका रात्रीसाठी ही २००-२२० ग्रॅमची बँक पुरते. २०,००० ची नेली तर वजन जवळजवळ दुप्पट, आणि माझ्या शीटमध्ये तिच्यापुढे दोन्ही वेळा ० आलं.

वजन न वाढवता बॅटरी वाढवायचा उपाय म्हणजे एअरप्लेन मोड. दरीत नेटवर्क कमजोर असलं की फोन टॉवर शोधत राहतो, जास्त ताकदीने सिग्नल पाठवतो आणि रात्रीत बॅटरी खाली येते. जीपीएस एअरप्लेन मोडमध्येही चालतं, कारण फोन उपग्रहांकडून फक्त ऐकतो, त्यांना काही पाठवत नाही. नेट नसताना पहिल्यांदा जागा सापडायला थोडा वेळ लागेल, तेवढं उघड्यावर थांबा.

निघायच्या आदल्या रात्री वाय-फायवर गूगल मॅप्समध्ये प्रोफाइल फोटोवर टॅप करून ऑफलाइन नकाशा डाउनलोड करा, घरापासून मुक्कामापर्यंतचा पूर्ण चौकोन. ऑफलाइन असताना गाडीचा रस्ता मिळतो, पण ट्रॅफिक दिसत नाही आणि पायी जायचा रस्ता मिळत नाही. पायवाटांसाठी ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड ठेवा; दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात आणि पूर्ण ऑफलाइन. मुक्कामाच्या जागेचे अक्षांश-रेखांश घरी साध्या एसएमएसने पाठवा. इंटरनेट गेलेलं असतानाही एसएमएस बऱ्याचदा जातो. आणि फोनवर 'फक्त इमर्जन्सी कॉल' असं दिसत असेल तरी ११२ लावून बघा. दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो. आमच्या वेळी मला हे माहीत होतं, पण घाबरल्यावर आठवलं नाही. म्हणून आता हेल्मेटच्या आत स्टिकर आहे: रक्तगट, घरचा नंबर आणि ११२.

हँडलवरच्या होल्डरबद्दल एक सूचना. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलनेच सांगितलं होतं की मोटरसायकलच्या इंजिनाची कंपनं आयफोनच्या कॅमेऱ्यातल्या स्थिरीकरण आणि ऑटोफोकसच्या यंत्रणेला बिघडवू शकतात. ओआयएस असलेला कुठलाही फोन त्याच तत्त्वावर चालतो. कंपन शोषणारा डॅम्पर लावा, किंवा माझ्यासारखं करा: फोन जॅकेटच्या आतल्या खिशात आणि वळणाआधी थांबून बघायचं. उन्हात तापून फोन बंद पडायचाही प्रश्न राहत नाही.

एप्रिल-मे मध्ये किंवा काजव्यांच्या दिवसांत जात असाल तर 'दामिनी' ॲप घ्या. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने बनवलंय, आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. वळवाच्या पावसात उघड्या माळावरचा तंबू आणि त्याच्या काठ्या हे काही चांगलं ठिकाण नाही. ढग गडगडायला लागले की गावात पक्क्या घरात जायचं, तंबू राहू दे तिथेच.

जागेचं थोडक्यात: कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, मनाला येईल तिथे तंबू ठोकायचा नाही. गावातल्या शेतकऱ्यांच्या जागा भाड्याने मिळतात, पाणी आणि संडास असतो, आणि रात्री गाडी सुरू झाली नाही तर मदतीला माणूस असतो. कचरा परत आणायला एक रिकामी पिशवी. माझ्या शीटमध्ये ती ८ ग्रॅम आहे.

मित्र मागच्या वर्षीपासून परत येतो, पण स्वतःच्या गाडीवर. माझ्या मागे तो पुन्हा बसलेला नाही, आणि मीही विचारलेलं नाही. त्याचीही शीट आहे. १०.६ किलो. त्यात फोल्डिंग खुर्ची १.१ किलोची आहे आणि तिच्यापुढे दर वेळी १ येतो. संध्याकाळी तो खुर्चीत बसतो आणि मी दगडावर.